साधं टाकू की पॉवर? पेट्रोलचा ऑक्टेन आणि आपली गाडी



आपल्या संघातल्या सीआरपी ताई, पशुसखी, कृषीसखी, बँकसखी अशा कितीतरी जणी आता स्वतःच्या गाडीवर फिरतात. कुणी गटातून अंतर्गत कर्ज काढून स्कूटी घेतली, कुणी घरातली जुनी स्प्लेंडर चालवायला शिकली, कुणी दुधाचे कॅन लावून एक्सएल दामटते. लायसन काढलं, हप्ते फेडतोय, पंक्चर कुठे काढायचं तेही ठाऊक झालं. पण पंपावर गेलं की एका प्रश्नाशी गाडी अजून अडते. नळी हातात धरलेला मुलगा विचारतो, "ताई, साधं टाकू की पॉवर?" मागे रांग असते, हॉर्न वाजत असतात. आपण म्हणून जातो, "चांगलं असेल ते टाक." मग जे महाग तेच चांगलं, असं समजून तो महागडं टाकतो.

या महिन्याच्या पाठात या प्रश्नाचं उत्तर शिकायचं आहे. उत्तर आधीच सांगून टाकते. आपल्यातल्या बहुतेक जणींच्या गाडीला साधं पेट्रोलच योग्य आहे, आणि जिच्या गाडीला नसेल तिला ते गाडीच्या पुस्तिकेतच लिहून दिलेलं असतं. पण नुसतं उत्तर पाठ करून उपयोग नाही. पंपावरच्या मुलाला, घरातल्या माणसाला आणि गॅरेजवाल्याला ठामपणे सांगायचं, तर कारण माहीत हवं.

ऑक्टेन म्हणजे काय

पंपावरच्या नळीवर किंवा फलकावर ९१, ९५, १०० असे आकडे दिसतात. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९५ ही नावं तुम्ही वाचली असतील. हा आकडा म्हणजे ऑक्टेन. ९५ म्हणजे पेट्रोलमध्ये ९५ टक्के ताकद, किंवा ते ९५ टक्के शुद्ध, असं नाही. दुधाच्या फॅटसारखा हा आकडा नाही. जास्त फॅटच्या दुधात जास्त लोणी असतं, पण जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त शक्ती नसते.

मग हा आकडा सांगतो तरी काय? सायकलमध्ये हवा भरताना पंपाला हात लावून बघा. दहा-बारा दाब मारले की पंपाचं खालचं टोक गरम लागतं. हवा दाबली की ती तापते. गाडीच्या इंजिनातही हेच चालतं. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण आत येतं, पिस्टन वर येऊन ते दाबतो, ते तापतं, आणि नेमक्या वेळी प्लग ठिणगी टाकतो. मग जाळ होतो, पिस्टन खाली ढकलला जातो, चाक फिरतं. यात वेळेला फार महत्त्व आहे. मिश्रण ठिणगीनेच पेटलं पाहिजे आणि जाळ ठिणगीपासून सगळीकडे शिस्तीत पसरला पाहिजे. जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर आत हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. बाहेर टकटक असा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे असं अवेळी भडकणं पेट्रोल किती टाळतं त्याचं माप. आकडा जितका मोठा, तितकं ते पेट्रोल दाब सहन करतं. डिझेलचं याच्या बरोबर उलट आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. हवा इतकी दाबतात की डिझेल आत फवारलं की आपोआप पेटतं. ट्रॅक्टरचा तो खडखडाट त्यातूनच येतो. डिझेलला जे पाहिजे, ते पेट्रोल इंजिनाला मारक आहे.

म्हणजे जास्त ऑक्टेन कुणाला लागतं? ज्या इंजिनात मिश्रण फार जोरात दाबलं जातं, त्याला. हिरो स्प्लेंडर प्लसमध्ये मिश्रण साधारण दहाव्या हिश्श्याएवढं होईपर्यंत दाबलं जातं. पुस्तिकेत ते ९.९:१ असं लिहिलेलं असतं. होंडा ॲक्टिव्हा ६जी मध्ये हा आकडा १०:१ आहे. हा काही फार मोठा दाब नाही, आणि या गाड्या साध्या पेट्रोलवर चालायलाच बनवलेल्या आहेत. शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या, उदाहरणार्थ केटीएम ड्यूक ३९०, यांत तो १२ च्या वर जातो. गंमत म्हणजे गाडी मोठी म्हणून ऑक्टेन जास्त, असंही नसतं. रॉयल एनफिल्डची ३५० ची नवी क्लासिक केवढी धिप्पाड, पण तिचा दाब ९.५:१, म्हणजे आपल्या स्प्लेंडरपेक्षा कमीच.

स्प्लेंडरमध्ये ९५ किंवा १०० चं पेट्रोल टाकलं तर बिघडत काही नाही. पण पिकअपही वाढत नाही. जे अवेळी भडकणं तिच्या इंजिनात मुळात होतच नव्हतं, ते न होण्यासाठी आपण जादा पैसे देतो. काही मोठ्या गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि तो पेट्रोलप्रमाणे ठिणगीची वेळ पुढेमागे करतो, म्हणून त्यांना थोडा फायदा मिळू शकतो. आपल्या १००-११० सीसीच्या साध्या गाड्यांत सहसा ती सोय नसते.

पैशाचा हिशोब

समजा तुम्ही सीआरपी आहात, रोज ४० किलोमीटर फिरता, महिन्यात २५ दिवस. झाले १,००० किलोमीटर. स्कूटी लिटरला ४५ देत असेल तर महिन्याला साधारण २२ लिटर लागतात. साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमध्ये लिटरमागे ८ रुपयांचा फरक धरा (तुमच्या पंपावरचा फलक बघून खरा आकडा घाला). २२ गुणिले ८ म्हणजे १७६ रुपये. वर्षाला २,११२. आपल्या अनेक गटांत महिन्याची बचत १०० किंवा २०० रुपये आहे. म्हणजे गटात जेवढं टाकतो, जवळपास तेवढंच पंपावर सोडून येतो, आणि त्यावर व्याजही मिळत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल तर याहून कितीतरी महाग. त्याचा हिशोब करायचीही गरज नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन आतून साफ ठेवणारी काही द्रव्यं घातलेली असतात, असं कंपन्या सांगतात आणि ते खरं आहे. पण तो ऑक्टेनपेक्षा वेगळा विषय आहे. माझं मत विचाराल तर त्या २,११२ रुपयांत वेळच्या वेळी ऑइल बदलावं, एअर फिल्टर आणि प्लग बदलावा. गाडीला त्याचा जास्त गुण येतो.

पुस्तिका काढा

गाडी घेताना मिळालेली पुस्तिका बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी, आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर असते. ती काढा. इंधनाच्या पानावर "अनलेडेड पेट्रोल, ९१ किंवा त्यापेक्षा जास्त ऑक्टेन" अशा अर्थाचं वाक्य सापडेल. कुठे ऑक्टेनच्या जागी आरओएन ही अक्षरं असतील; अर्थ तोच. ९१ लिहिलं असेल तर साधं पेट्रोल. ९५ लिहिलं असेल तर ९५. पुस्तिका हरवली असेल तर टाकीच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या ताईंनी हे आधीच करावं.

अनलेडेड म्हणजे शिसं नसलेलं. पूर्वी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिशाचं द्रव्य घालत. धुरातून ते शिसं हवेत जाई, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. २००० सालापासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे त्याची काळजी आता नाही.

एप्रिल २०२० मध्ये आलेल्या बीएस ६ च्या नियमांत साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ धरला आहे. त्याआधी बीएस २ च्या काळात तो ८८ होता. म्हणजे तुमची गाडी पंधरा वर्षांची जुनी असेल तर ती मुळात आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायला बनवलेली आहे. "गाडी म्हातारी झाली, तिला भारीतलं पाजा" हा सल्ला ऐकला असेल, तर तो बाजूला ठेवा.

टकटक येत असेल तर

इथे जरा थांबून नीट वाचा. टकटक आवाजाकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन खराब होतो आणि बोअर-पिस्टनचं काम निघतं. ते हजारांत जातं, आणि तितके दिवस गाडी गॅरेजला उभी.

आधी आवाज ओळखायला शिका. गाडी स्टँडवर उभी करून चालू ठेवली तरी टिकटिक येत असेल, तर ते बहुधा नॉकिंग नाही. टॅपेट सैल झाले असतील, ते सेट करून घ्या. खड्ड्यातून जाताना खडखड येत असेल तर चेन, मडगार्ड, नंबरप्लेट तपासा. नॉकिंगचा आवाज इंजिनावर ताण आला की येतो. चढावर, मागे माणूस किंवा पोतं असताना, वरच्या गियरमध्ये रेस पिळली की डबीत खडे हलवल्यासारखी टकटक सुरू होते, आणि रेस कमी केली किंवा गियर खाली घेतला की थांबते. ही खूण पक्की लक्षात ठेवा.

असा आवाज आला की पंपाकडे धावू नका. पहिला इलाज फुकटातला आहे: गियर खाली घ्या. चौथ्या गियरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने चढ चढवायचा आग्रह धरला की कुठलीही गाडी कुरकुरणार. शिकवणाऱ्या दादांनी "गियर सारखे बदलू नको, पेट्रोल जातं" असं सांगितलेलं असतं, त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळ जणी वरच्या गियरमध्येच गाडी रेटतात. त्याने पेट्रोल वाचत नाही आणि इंजिनाला त्रास होतो. स्कूटीला गियर नाहीत, तिथे चढाच्या आधी थोडा वेग घ्या आणि वजन मर्यादेत ठेवा.

गियर बदलूनही आवाज राहिला तर मेकॅनिककडे जा आणि त्याला नुसतं "आवाज येतो" न सांगता केव्हा येतो ते सांगा. मग त्याला चार गोष्टी बघायला सांगा. इंजिनात कार्बन साचला आहे का; कार्बनने आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि तापलेला कार्बन स्वतःच मिश्रण पेटवतो. प्लग योग्य नंबरचा आहे का. ऑइल कमी किंवा काळं पडलं आहे का, कारण इंजिन तापलं की नॉकिंग वाढतं. आणि टाकीतलं पेट्रोल कुठून भरलं होतं. हे सगळं ठीक करूनही टकटक राहिली, तरच एक-दोन टाक्या ९५ चं पेट्रोल वापरून बघा. आवाज गेला तर मेकॅनिकलाही दुखणं शोधायला दिशा मिळते. दोन्ही पेट्रोल टाकीत एकत्र झालं तरी चालतं.

बाटलीतलं पेट्रोल

पेट्रोल कुठून भरलं, हे विचारायला सांगितलं त्याला कारण आहे. पंप लांब असला की गावात किराणा दुकानात किंवा टपरीवर बाटलीतून पेट्रोल मिळतं. अडीअडचणीला आपण घेतो. पण त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर ऑक्टेन खाली येतो, आणि चांगली गाडीही टकटक करायला लागते, धूर सोडते. पंपावर ९१ आणि ९५ यांवर विचार करायचा आणि गावात बाटलीतून कितीचं आहे हे देवालाच ठाऊक असलेलं पेट्रोल टाकायचं, याला अर्थ नाही. शिवाय परवान्याशिवाय पेट्रोल विकणं बेकायदेशीर आहे, आणि चूल, गॅस असलेल्या घरात त्याची बाटली ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. आठवडी बाजाराला जाताना टाकी भरून आणायची सवय लावा.

पंपावरही आपले काही हक्क आहेत. मीटर शून्यावर आहे हे बघूनच भरायला सांगा. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो पंपावर ठेवावाच लागतो. नळीचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकायचा. दोन-एक मिनिटांत थेंब उडून जातो. मागे गडद डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची. फिकट गुलाबी खूण राहिली तर घाबरायचं नाही, तो रंगाचा भाग आहे. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून दाखवायला सांगता येतं. ऑक्टेन मात्र असा डोळ्यांनी, वासाने किंवा रंगाने कळत नाही. तो प्रयोगशाळेत खास इंजिनावर मोजतात. म्हणून "रंग बघा ताई, भारीतलं आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. बिल घ्या, त्यावर कुठलं पेट्रोल टाकलं तेही लिहिलेलं असतं. तक्रार करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

इथेनॉलचं काय

हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत उसाचा रस आणि मळीपासून इथेनॉल होतं; मका आणि तांदळापासूनही होतं. ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. पंपावर ई२० लिहिलेलं दिसतं ते हेच.

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर आहे. त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत गेला, असं केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे केवळ ऑक्टेनसाठी महाग पेट्रोल घ्यायचं कारण आणखी कमी झालं. महाग म्हणजे बिनइथेनॉलचं, असंही समजू नका.

पण लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली होती. म्हणजे ६० देणारी गाडी ५८ देईल. तुमची गाडी ६० वरून ४५ वर आली असेल तर सगळा दोष इथेनॉलवर ढकलू नका; टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर बघा.

एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिकचे भाग ई२० ला चालतील असे असतात. त्याआधीच्या गाडीची पेट्रोलची नळी सर्व्हिसिंगला तपासून घ्या. नळी कडक झाली, चिरली किंवा पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच बदला. आणखी एक, पावसाळ्याचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, गाडी आचके देते किंवा चालूच होत नाही, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरतो. झाकणाचं रबर झिजलं असेल तर ते बदला, आणि गाडी पत्र्याखाली लावा.

महिनाभर करून बघा

कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. टाकी फुल करा आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा टाकी फुल करा. किती लिटर बसलं आणि किती किलोमीटर झाले, ते लिहा. किलोमीटरला लिटरने भागा, ॲव्हरेज निघालं. एका टाकीवरून ठरवू नका, निदान तीन वेळा करा. मग हवं तर तीन टाक्या ९५ च्या वापरा, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने. शेवटी किलोमीटरमागे किती रुपये पडले, हे दोन्हींसाठी काढा.

ही वही ग्रामसंघाच्या बैठकीलाही घेऊन या. फिरतीचा भत्ता ठरवताना "पेट्रोल महागलं" एवढंच म्हणून भागत नाही. "महिन्याला १,००० किलोमीटर, २२ लिटर, ही बिलं" असं पुढे ठेवलं की चर्चा आकड्यावर होते. पुढच्या बैठकीत प्रत्येक गाडीवाल्या ताईने आपल्या पुस्तिकेतला ऑक्टेनचा आकडा आणि तीन टाक्यांचं ॲव्हरेज सांगायचं आहे. सचिव ताईंनी ते इतिवृत्तात घ्यावं.